कळ किती काढायची, हे तू ठरव

पत्र : ताई, मी २८ वर्षांची आहे. सातवा महिना संपत आलाय, पहिलंच बाळंतपण. आम्ही दोघं पिंपरीत नोकरी करतो, सासूबाई आमच्याकडेच असतात. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. रीतीप्रमाणे बाळंतपणाला मी तिकडे जाणार असं ठरलंय. मला कळांची भयंकर भीती वाटते. गेल्या वर्षी नणंद चौदा तास कळा देत होती आणि ‘ओरडलीस तर इथून बाहेर काढू’ असं तिला लेबर रूममध्ये ऐकवलं होतं. ती अजून त्याबद्दल बोलताना रडते. नवरा म्हणतो, एपिड्युरल घे, म्हणजे कळा कमी करायला पाठीतून देतात ते औषध. आई म्हणते, मणक्यात सुई घेतली की जन्माची कंबर धरते. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तिचं सिझर झालं होतं, तेव्हापासून तिची दुखतेय. सासूबाई म्हणतात, हे आताचं फॅड आहे, सोसल्याशिवाय आईपण कळत नाही. ऑफिसमधली एक जण म्हणाली, एपिड्युरल घेतलं की शेवटी सिझरच होतं. मी कुणाचं ऐकू? आणि मला सहन झालं नाही, तर मी कमी पडले असं होईल का?

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याभोवतीच फिरताहेत. नाही, तू कमी पडणार नाहीस. तीस वर्षांहून जास्त काळ मी बायकांची बाळंतपणं केली. तोंडातून शब्द न काढता बाळंत झालेल्या बाया पाहिल्या, पहिल्या कळेपासून हंबरडा फोडणाऱ्या पाहिल्या आणि सुई घेऊन शांत झोपलेल्याही पाहिल्या. पुढे त्या सगळ्यांच्या मुलांना मी ओपीडीत रांगताना, पळताना बघितलंय. कुठल्या आईने किती कळ काढली होती, हे मुलाकडे बघून मला कधीच सांगता आलं नाही.

‘जरा कळ काढ’ म्हणजे थोडं सहन कर, थोडं थांब. हा शब्दप्रयोग आपण रिक्षा येईपर्यंतही वापरतो, इतकी सोसण्याची सवय आपल्या बोलण्यात मुरलीय. पण दाढ काढताना कुणी आपल्याला भूल न घेता कळ काढायला सांगत नाही. फक्त बाळंतपणात सोसण्याला पुण्य चिकटवलंय, आणि मला ते मुळीच मान्य नाही.

सासूबाईंना रागावू नकोस, त्यांनी खरंच सोसलंय आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पण हे आताचं फॅड नाही. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरांनी १८४७ साली बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. तिथेही लोकांनी देवाधर्माचे दाखले देऊन विरोध केला होता. ७ एप्रिल १८५३ रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने जॉन स्नो या डॉक्टरांच्या हातून क्लोरोफॉर्म घेऊन मुलाला जन्म दिला, आणि त्यानंतर विरोध मवाळ होत गेला. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती त्यानंतर नऊ दिवसांनी. आज आपण क्लोरोफॉर्म देत नाही, त्याहून पुष्कळ सुरक्षित उपाय आहेत. पण बाळंतिणीचं दुखणं कमी करावं हा विचार आपल्याकडच्या रेल्वेइतका जुना आहे, एवढं सासूबाईंना जरूर सांग.

आता कळांबद्दल. भीती बरीचशी अंधारातली असते, म्हणून जरा उजेड पाडते.

पहिल्या टप्प्यात गर्भपिशवी आवळते आणि तिचं तोंड हळूहळू उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जातं. सिस्टर ‘दोन बोटं उघडलंय’ म्हणतात ते हेच. ही कळ ओटीपोटातून निघून कंबरेत आणि कधी मांड्यांत उतरते. बाळाची पाठ तुझ्या पाठीकडे असेल तर सगळी कळ कंबरेतच जाणवते, आणि ती जास्त छळते. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकतं, तेव्हाचं दुखणं वेगळं असतं. ताण, दाब आणि जोर लावण्याची न आवरणारी इच्छा. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या बारीक कळा कित्येक तास चालू शकतात, एखादीच्या दिवसभरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार खऱ्या जोमाचा काळ तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरचा, आणि पहिल्या खेपेला तो सहसा बारा तासांच्या आत आटोपतो. नणंदेच्या चौदा तासांपैकी किती तास कोणते होते, हे तिला कुणी सांगितलं असतं, तर निदान आपलं काहीतरी बिघडलंय असं तिला वाटलं नसतं.

एक हिशेब मी प्रत्येक पहिलटकरणीला सांगायचे. ऐन भरात दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात, एकेक जास्तीत जास्त मिनिटभराची. तीन धरल्या तर तासाला झाली अठरा मिनिटं. उरलेली बेचाळीस मिनिटं शरीर मोकळं असतं. पण घाबरलेली बाई त्या बेचाळीस मिनिटांतही मुठी आवळून पुढच्या कळेची वाट बघत बसते. अंग ताठतं, श्वास वर अडकतो, आणि पुढची कळ जास्त दुखते. ती बेचाळीस मिनिटं वाचवणं, हेच सुईशिवायच्या सगळ्या उपायांचं मर्म आहे.

आता एपिड्युरल. भूलतज्ज्ञ तुला बसवून किंवा कुशीवर वळवून, पाठीची कमान करायला सांगतात. आधी कातडी बधिर करतात. मग कंबरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून, तिच्यातून एक अगदी बारीक मऊ नळी आत ठेवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती फक्त नळी. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि ही जागा त्याच्या खाली असते. नळीतून बधिर करणाऱ्या औषधाचा सौम्य डोस देतात. पंधरा-वीस मिनिटांत कळांची धार जाते. पोट आवळतंय हे कळतं, पण ते सोसवतं. अर्धवट लागलं किंवा एकाच बाजूला लागलं, तर नळी जरा मागे घेऊन किंवा पुन्हा घालून दुरुस्त करतात. असं होतं, आणि ते लगेच सांगायचं असतं, गप्प बसायचं नसतं.

बाळ होईपर्यंत सलाईन लावलेलं असतं, रक्तदाब आणि बाळाचे ठोके वरचेवर तपासतात. रक्तदाब थोडा उतरू शकतो, अंगाला खाज सुटू शकते, थंडी भरू शकते, थोडा ताप येऊ शकतो. पाय जड होतात, म्हणून फिरणं कमी होतं, आणि लघवीची संवेदना गेल्यामुळे नळीने लघवी काढावी लागू शकते. शंभरात एखादीला नंतर उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं. त्यावर उपाय आहे, पण ते दिवस त्रासाचे जातात. मज्जातंतूला कायमची इजा होणं फार फार विरळा.

आईचं म्हणणं मी अनेक घरांत ऐकलंय, आणि ते खोटं नाही, फक्त दोष भलत्याला लागलाय. तिला सिझरला दिली ती बहुधा स्पायनल, म्हणजे एकाच सुईने दिलेली भूल. ती वेगळी, आणि तेव्हाच्या सुयाही जाड असत. कंबर धरते याचं मूळ दुसरीकडे आहे. पोटातल्या बाळाच्या भाराने कंबरेची कमान वाढते, सांधे सैल होतात. नंतर वाकून पाजणं, मूल कडेवर घेणं, आणि सिझरनंतर पोटाच्या स्नायूंना व्यायामच न मिळणं. सुई न घेतलेल्या किती बाळंतिणींची कंबर दुखते ते आजूबाजूला विचारून बघ. सुई टोचली तिथे काही दिवस हुळहुळेल, तेवढंच. जगभरातल्या दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा, कॉक्रेन या संशोधन-संस्थेचा आढावा २०१८ साली आला. सुई घेतलेल्यांत जुनाट कंबरदुखीचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं नाही. सिझरही वाढलेली दिसली नाहीत, हे ऑफिसमधल्या मैत्रिणीसाठी. तिच्या बोलण्याला थोडा आधार आहे, तो असा: दुसरा टप्पा थोडा लांबू शकतो, आणि पूर्वी औषधाचा डोस जास्त असायचा तेव्हा बाळ बाहेर काढायला व्हॅक्युम किंवा चिमटा जास्त लावावा लागे. २००५ नंतरच्या चाचण्यांत तोही फरक दिसत नाही. शिवाय जिच्या कळा अवघड आणि लांबलेल्या असतात, तीच सुई जास्त मागते, आणि तिचंच सिझर होण्याची शक्यताही मुळात जास्त असते. बघणाऱ्याला वाटतं, सुईमुळे झालं.

सगळ्यांना ही सुई चालत नाही. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील, पाठीवर संसर्ग असेल, मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हृदयाचा काही आजार असेल, तर आधीच बोलायला हवं. एक नीट सांगते: ‘तीन बोटं झाल्याशिवाय देत नाही’ असं काही ठिकाणी म्हणतात. खऱ्या कळा सुरू झाल्या असतील आणि बाई मागत असेल, तर अमुक इतकं उघडायची वाट बघण्याचं कारण नाही. मात्र अगदी शेवटी, बाळाचं डोकं दिसू लागल्यावर, स्थिर बसणं जमत नाही आणि औषध लागायलाही वेळ उरत नाही.

आता तुझा खरा पेच. तो मणक्यात नाहीच, पत्त्यात आहे.

तालुक्याच्या बऱ्याचशा प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ मुक्कामी नसतात. सिझरला फोन करून बोलावतात, ते येतात, काम करून जातात. एपिड्युरलला तसं चालत नाही, नळी घातल्यावर कित्येक तास कुणीतरी जाणकार माणूस लक्ष ठेवायला लागतं. म्हणून माहेरच्या डॉक्टरांना या आठवड्यातच फोन कर आणि सरळ विचार: तुमच्याकडे कळांसाठी एपिड्युरल देतात का, गेल्या महिन्यात दिलं होतं का, आणि रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ नाही असा धर. शेवटचा प्रश्न तर एपिड्युरल नको असलं तरी विचारायलाच हवा, कारण अचानक सिझरची वेळ आली तर तीच मिनिटं मोलाची असतात.

तुला सुईचा पर्याय हातात हवा असेल आणि तिकडे तो नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बाळंतपण पिंपरी-पुण्यात, चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेल्या दवाखान्यात कर. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही भूलतज्ज्ञ चोवीस तास ड्युटीवर असतात, पण कळांसाठी एपिड्युरल देतात का हे तिथेही आधी विचार. आईला महिनाभर तुझ्याकडे बोलव. मग बाळाला घेऊन माहेरी जा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल, हे माहेरपण बाळ झाल्यावरच खरं लागतं. रीत मोडत नाही, तिची जागा फक्त थोडी पुढे सरकते. तू पुण्यात राहणार असं ठरलं, तर ३४-३५ व्या आठवड्यात भूलतज्ज्ञांना एकदा भेटून ये. खर्चही तेव्हाच विचार, तो पॅकेजमध्ये नसतो असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे.

आणि सगळं ऐकून तुला माहेरीच जावंसं वाटलं, तर तेही चुकीचं नाही. ओळखीचे डॉक्टर, ओळखीचं अंगण, आईचा हात, यांनी कळ खरोखर कमी होते. प्रसूतीच्या वेळी सतत एक आपलं माणूस जवळ असलं, तर औषधांची गरज कमी पडते आणि सिझरही कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. सुईशिवाय काय काय करता येतं ते सांगते. पाठीवर निजून राहू नकोस. फिर, भिंतीला टेकून कंबर हलव, खुर्चीवर उलटी बसून पाठ मोकळी ठेव, ओणवी हो. कळ कंबरेत असेल तर सोबतच्या माणसाने तळहाताच्या उंचवट्याने माकडहाडाच्या वर घट्ट दाब द्यायचा, तू ‘अजून’ म्हणशील तितका. गरम पाण्याची पिशवी कंबरेला, नाहीतर कोमट पाण्याने अंघोळ. (एपिड्युरल घेतलं असेल तर मात्र बधिर कातडीवर गरम पिशवी कधीच नको, भाजलेलं कळत नाही.) श्वास सोडण्याकडे लक्ष दे, घेणं आपोआप होतं. जड, खोल आवाजात कण्हलीस तर जबडा सैल राहतो. घोट घोट पाणी, सरबत, भाताची पेज घे. डॉक्टरांनी खास कारणाने मनाई केली नसेल, तर उपाशी राहायची गरज नाही.

काही दवाखान्यांत हुंगायचा वायू असतो, नायट्रस ऑक्साईड आणि प्राणवायू निम्मेनिम्मे. मास्क स्वतःच्या हातात धरायचा आणि कळ चढायला लागताच हुंगायला सुरुवात करायची, कारण असर व्हायला अर्धं मिनिट लागतं. पूर्ण दुखणं जात नाही, धार बोथट होते. पेथिडिन, ट्रामाडॉलसारखी इंजेक्शनं जास्त ठिकाणी मिळतात. त्यांनी गुंगी येते, मळमळतं, आणि पेथिडिन जन्माच्या फार जवळ दिलं तर बाळ सुस्त होऊन श्वास घ्यायला कुचराई करू शकतं. म्हणून वेळ बघूनच देतात.

कळा वाढवायला सलाईनमधून औषध सुरू करायचं म्हटलं, तर का ते विचार. कधी ते गरजेचंच असतं. पण त्या कळा जोरकस आणि लागोपाठ येतात, आधीचं सगळं गणित बदलतं, आणि तेव्हा सुई मागावीशी वाटली तर अजिबात संकोचू नकोस. घरी कळा याव्यात म्हणून कुणी एरंडेल दिलं तर घेऊ नकोस, जुलाबाने थकून दवाखान्यात पोचशील.

ज्याबद्दल कुणीच आधी बोलत नाही ती गोष्ट टाक्यांची. बाळ झालं, सगळे आनंदात, आणि तेव्हाच खाली टाके घालायला घेतात. तिथे बधिर करण्याचं इंजेक्शन द्यायलाच हवं, आणि ते लागायला दोन-तीन मिनिटं द्यायला हवीत. कित्येक बायकांनी मला सांगितलंय की कळांपेक्षा टाके जास्त दुखले. ‘झालंच, शेवटचा एक’ असं म्हणत अर्धवट बधिर झालेल्या जागेवर टाके घालणं मला कधीही पटलं नाही. तुला सुई टोचताना दुखलं तर मोठ्याने सांग, ‘थांबा, मला दुखतंय, अजून औषध द्या.’ नंतरच्या दिवसांत पाजताना पोटात कळ येते, कारण पिशवी आकसत असते. त्याला पॅरासिटामॉल चालतं, अंगावर पाजत असतानाही.

नणंदेला जे ऐकवलं गेलं त्याबद्दल माझ्या मनात राग आहे. आणि अपराधीपणही आहे, कारण नवी नवी डॉक्टर असताना मीही ‘ओरडू नकोस, ताकद जाते’ म्हणून बायकांना दटावलंय. मला तसंच शिकवलं होतं. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी किंचाळले, तेव्हा कळलं की तो आवाज ठरवून काढलेला नसतो. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी जन्मसोबतीणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१७ साली ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीशी सन्मानाने वागणं हा लेबर रूमच्या दर्जाचाच भाग ठरवला. धमकावणं, चापट मारणं, एकटं सोडणं हे कुठल्याच दवाखान्यात चालवून घ्यायचं नसतं. नणंदेला एकदा शांतपणे बसवून सगळं बोलू दे, मध्ये ‘जाऊ दे, बाळ तर छान आहे ना’ म्हणू नकोस.

आणखी एक, कारण सोसायच्या नादात हे राहून जातं. दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडत नसेल आणि दगडासारखं घट्टच राहत असेल, लाल रक्त जात असेल, पाणी हिरवट असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर ते दुखणं सोसायचं नाही. त्याच क्षणी निघायचं. सरकारी दवाखान्यात जायला १०२, आणीबाणीला १०८.

आता एक काम उरलं, ते आजच कर. आत तुझ्याबरोबर कोण येणार ते ठरव. सरकारी दवाखान्यात सहसा बाईमाणूसच, तेही शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेलं. खासगीत नवरा चालतो का ते विचार. आई येणार असेल तर तिला हे पत्र वाचून दाखव, कंबरेत दाब कुठे द्यायचा ते तिच्या हाताला आत्ताच कळू दे, रोज रात्री पाच मिनिटं. आणि तिच्याकडून एक शब्द घे: तू सुई मागितलीस तर ती डॉक्टरांना बोलवायला जाईल, आणि नको म्हणालीस तर कुणाला आग्रह करू देणार नाही. ऐनवेळी तुझं मत तीनदा बदललं, तरी तिन्ही वेळा ती तुझंच ऐकेल.